पंप गेला नव्हता: जुन्या १०३५ च्या लिफ्टची गोष्ट

जुन्या ट्रॅक्टरच्या लिफ्टबद्दल, म्हणजे मागं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल, आमच्या भागात एकच निदान चालतं, पंप गेला. नांगर उचलत नाही, पंप गेला. उचलतो पण बांधापर्यंत जाईतोवर खाली बसतो, पंप गेला. वर गेलेला खालीच येत नाही, तरीही पंप गेला. निदान करणारा बहुतेक वेळा पारावर बसलेला असतो, ट्रॅक्टरपासून चांगला लांब, आणि ज्याच्या घरी जुना पंप विकायला पडलेला असतो तो जरा जास्तच खात्रीने सांगतो. मला या निदानाची चीड येते कारण पंप बिचारा बऱ्याचदा ठणठणीत असतो, पण त्याला बाहेर काढलं जातं, धुतलं जातं, हजारो रुपये जातात, परत बसवला जातो आणि लिफ्ट आधी करत होती तेच करत राहते.

आमच्याकडे लाल एमएफ, म्हणजे मॅसी फर्ग्युसन, १०३५ आहे, ऐंशीच्या दशकातला, आप्पांनी सेकंड हँड घेतलेला. कोरेगावकडची जमीन, ओढ्याच्या अंगाला काळी आणि वर माळाकडं मुरमाड, ऊस असतो, आलं असतं, खरिपात घेवडा. नव्या ट्रॅक्टरवाल्यांना फोन केला की ते येतात, तासाचे पैसे घेतात आणि काम करून जातात, त्यामुळं हा ट्रॅक्टर खरंतर ठेवायची काही गरज नाही असं मला नोकरी करणारे सगळे नातेवाईक सांगतात. पण ट्रॅक्टर आहे. आणि मागच्या उन्हाळ्यात, नांगरटीच्या ऐन टायमाला, त्याच्या लिफ्टने डुलक्या काढायला सुरुवात केली.

म्हणजे काय ते नीट सांगतो कारण सगळी मेख इथंच आहे. इंजिन चालू, पलटी नांगर वर उचललेला, लिव्हरला कुणी हात लावत नाहीये. लिफ्टचे दोन्ही हात हळूहळू दोन बोटं खाली येतात आणि मग एकदम हिसका बसून परत वर जातात. परत खाली, परत हिसका. नांगराचे फाळ हवेत खणाखण वाजतात आणि सीटखाली प्रत्येक हिसक्याला एक दबका ठोका ऐकू येतो. इंजिन बंद केलं की हिसका बंद, मग नांगर नुसता खाली खाली येत जातो आणि चहा पिऊन होईतो जमिनीला टेकलेला असतो.

गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, "पंप गेलाय ओ, घेऊन या, बदलून टाकू."

आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "आरं पंप गेला आसता तर परत वर कुणी घेतला आसता त्याला?"

झालं. पुढं जे काही आम्ही महिनाभर केलं ते सगळं या एका वाक्यात होतं, फक्त मला ते कळायला यंत्र आतून समजून घ्यावं लागलं. खाली आलेला नांगर दर वेळी परत वर जातोय म्हणजे पंप दाब देतोय, आणि चांगला देतोय, तीन-चारशे किलोचं धूड झटक्यात उचलतोय. गळतंय दुसरीकडं कुठंतरी. पंप फक्त गळलेलं भरून काढतोय.

आता या लिफ्टची रचना. १०३५ हे मूळच्या इंग्लंडच्या एमएफ ३५ चं आपल्याकडचं रूप, मद्रासच्या टॅफेनं बनवलेलं, ती कंपनी १९६० ला सुरू झाली. यात लिफ्टसाठी वेगळी टाकी बिकी काही नाही. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक, तिघं एकाच ऑइलवर जगतात. पंप मागच्या हाउसिंगच्या, म्हणजे लोखंडी पेटीच्या, पोटात, ऑइलमध्ये बुडालेला, चार पिस्टनचा. त्याच्या वर, म्हणजे आपण जिथं बसतो त्या सीटच्या खालच्या जाड कव्हरला आतून उलटा टांगलेला एक सिलिंडर. पंपातून एक उभी नळी वर कव्हरात जाते, तिथून ऑइल सिलिंडरमध्ये, सिलिंडरचा पिस्टन दांडा ढकलतो, दांडा आडवा शाफ्ट फिरवतो आणि शाफ्टच्या दोन टोकांना लिफ्टचे हात. बस एवढंच. आणि ऑइल फक्त वर ढकलतं. खाली येण्यासाठी कुठलंही बळ नाही, अवजार आपल्या वजनाने खाली येतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मे मिस्त्री वाचतात. "लिफ्ट खाली येत नाही" म्हणून ओरडणारा बऱ्याचदा हलकी फणी जोडून बसलेला असतो किंवा रिकाम्या हातांनीच टेस्ट घेत असतो, शाफ्टचे बुश सुकलेले असतात आणि त्या हातांना खाली ओढायला वजनच नसतं. दोन धष्टपुष्ट माणसं अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांवर, म्हणजे लिंकवर, उभी केली की हात मुकाट खाली येतात. तरीही नाही आले तर मग कंट्रोल व्हॉल्व्ह अडकलाय असं समजायचं, बहुतेक गंजाने, आणि तिथं मात्र हातोडा घेऊन धावायचं नाही.

कंट्रोल व्हॉल्व्हची एक गंमत आहे जी मला फार आवडते. दुसऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये पंप सारखं ऑइल ढकलत असतो आणि व्हॉल्व्ह ते इकडं तिकडं वळवतो. इथं व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी आहे, शोषणाच्या बाजूला. लिव्हर मध्ये असली की तोंड बंद, पंप फिरतो पण त्याला ऑइलच मिळत नाही, तो काहीच ढकलत नाही. लिव्हर वर घेतली की तोंड उघडतं. म्हणजे लिफ्ट अजिबात उचलत नसेल तरी पंप खराब असेलच असं नाही, त्याच्यापर्यंत ऑइल पोचत नसेल. लेव्हल कमी, ऑइल गाळायची जाळी गाळाने बुजलेली, व्हॉल्व्ह बंदच्या जागी चिकटलेला, किंवा लिव्हरची आतली जोडणी सुटलेली.

आणि याहून साधं एक कारण आहे, ज्यात ट्रॅक्टरला काहीच झालेलं नसतं. डबल क्लचच्या १०३५ मध्ये पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या शाफ्टच्या, क्लचवर चालतो. पेडल अर्धं दाबलं की गिअर सुटतो, ट्रॅक्टर थांबतो, पण पंप फिरत राहतो. पूर्ण तळाला दाबलं की पंपही थांबतो. बांधाशी वळताना नवा पोरगा घाबरून क्लच फळीला टेकवतो, लिव्हर ओढतो, नांगर हलत नाही, आणि संध्याकाळी गावभर होतं की अमक्याची लिफ्ट गेली. जुने ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर नांगर उचलतात आणि हे आपण करतो हेसुद्धा त्यांच्या लक्षात नसतं, विचारलं तर सांगता येत नाही.

तर मी पुण्यातून दर शनिवारी जायचो. पहिल्या शनिवारी फक्त बघायचं ठरवलं, एकही पाना लावायचा नाही. लिफ्टची कामं तीन, उचलायचं, धरून ठेवायचं, सोडायचं. आमची उचलत होती, सोडत पण होती, धरत नव्हती. बरं, कधी धरत नव्हती? सकाळी सातला, थंड ऑइलवर, डुलकी बऱ्याच वेळाने यायची. दुपारी दोन तास चालल्यावर घटकेघटकेला. थंड ऑइल जाड असतं, फटीतून सावकाश जातं, तापलं की पातळ होतं आणि तीच फट त्याला दारासारखी होते. म्हणजे फट आहे, झिजलेली आहे. उलटं असतं, सकाळी थंडीत रुसते आणि तापल्यावर चालते, तर मी जाळीकडं आणि ऑइल कुठल्या प्रतीचं भरलंय त्याच्याकडं बघितलं असतं.

ऑइलकडं तरी बघावंच लागलं. ऑइलची लेव्हल बघायचा गेज काढला तर त्याला चिकटलेलं ऑइल चहाच्या रंगाचं. दूध घातलेल्या चहाच्या. पाणी. या जुन्या ट्रॅक्टरांमध्ये पाणी शिरायची ठरलेली वाट म्हणजे गिअरच्या दांडीच्या बुडाचं रबर. ते चिरतं, ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा असतो आणि थेंब थेंब थेट गिअरबॉक्समध्ये. मावळात, भोरकडं, खाली कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर घालतात तिथं मागच्या एक्सलच्या सीलमधूनही शिरतं. पाणी जड, ते तळाला बसतं, आणि पंप तळालाच आहे. पंपाच्या पोटात, व्हॉल्व्हवर, सिलिंडरमध्ये, सगळीकडं गंजाची सुरुवात तिथून.

खालचा नट रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा, इंजिन चालू न करता, सावकाश ढिला केला. आधी शुद्ध पाणी आलं, चांगलं तांब्याभर, मग दुधाळ रबडी, मग ऑइल. रबडीत बोट फिरवलं तर बारीक चकचकीत कण लागले. थोडं पितळ, थोडं लोखंड, आणि वाळूसारखं काहीतरी, जे आमच्या ट्रॅक्टरचं असायचं कारणच नव्हतं. त्या वाळूचा पत्ता आप्पांनी सांगितला. दोन-तीन हंगाम शेजाऱ्याची उलटी होणारी ट्रॉली आम्ही वापरत होतो. तिचा जॅक ट्रॅक्टरच्याच ऑइलवर उचलतो, ट्रॉली खाली आली की ते सगळं ऑइल नळीतून परत आपल्या पोटात. ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागलेली असते, तिचं तोंड मातीत लोळलेलं असतं, चार घरचं ऑइल आणि कचरा घेऊन ती येते. वर ट्रॉली उचललेली असताना बरंच ऑइल तिच्यात गेलेलं असतं आणि इकडं लेव्हल पडलेली, पंप हवा खातो, ऑइलला फेस येतो. ट्रॉली द्यायला घ्यायला नाही म्हणता येत नाही, पण जोडायच्या आधी तोंड डिझेलने धुवायला काय जातंय. आता धुतो.

नवीन ऑइल लगेच भरलं नाही. बाजूची पाटी खोलून आत डोकावायचं होतं, आणि हे मला सगळ्यात आवडलेलं काम. मागच्या हाउसिंगला बाजूला एक झाकण असतं, त्यातून पंप आणि वरचा सिलिंडर दिसतो. ऑइल झाकणाच्या खालच्या काठाच्या आत येईल एवढंच ठेवायचं. नांगर जोडलेला, खाली लाकडी ओंडके असे लावलेले की लिफ्ट सुटली तरी नांगर त्यांच्यावर बसेल, कुणाच्या पायावर नाही. इंजिन चालू करून नांगर उचलायचा, बंद करायचं, आणि मग बॅटरी मारून बघायचं. इंजिन चालू असताना हात आत घालायचा नाही, तिथं शाफ्ट फिरत असतो. आणि दाबाखालच्या ऑइलची बारीक धार कुठून येते ते बोटाने तर अजिबात चाचपायचं नाही, या यंत्रणेत दाब अडीच हजार पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास जातो, तेवढ्या दाबाची केसाएवढी धार कातडीत शिरते आणि मग बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

सगळं काळं, ओलं, चकाकणारं. सुरुवातीला सगळीकडूनच ठिबकतंय असं वाटलं कारण आत्ताच उडालेलं ऑइल निथळत असतं. मिनिटभर थांबलो. मग निथळणं थांबलं आणि दोनच जागा राहिल्या. एक, उभी नळी पंपात जिथं घुसते तिथं गोल बांगडीसारखी ओल, तीतून एक थेंब, थांबून दुसरा. दुसरी, सिलिंडरच्या उघड्या तोंडातून सरळ धार. बारीक, पण धार. नांगर जसा खाली येत होता तशी ती चालू होती, आणि नांगर ओंडक्यावर टेकला तशी ती तुटली. पंप कोरडा. त्याच्या कुठल्याही सांध्यातून, दाब फार वाढला की सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून, काही नाही.

मी आप्पांना हाक मारली, त्यांना वाकवत नाही, तरी गुडघ्यावर बसून बघितलं. काही बोलले नाहीत. बॅटरी माझ्याकडून घेऊन परत एकदा स्वतः मारून बघितली, तेवढंच.

इथं थोडं विषयांतर करतो कारण हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं तो माणूसच तसा होता. हॅरी फर्ग्युसन, उत्तर आयर्लंडचा शेतकऱ्याचा पोरगा, जन्म १८८४. शेतात रमला नाही, बेलफास्टला गाड्यांच्या धंद्यात पडला, १९०९ च्या शेवटच्या दिवशी स्वतः बनवलेलं विमान उडवलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, तिथल्या सरकारने त्याला ट्रॅक्टरांची नांगरट बघायला लावलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीने ओढायचा, बैलामागं लावावा तसा. फाळ दगडाला अडकला की मागचं चाक अडायचं, इंजिनचा जोर चालूच राहायचा आणि ट्रॅक्टर पुढून उभा राहून ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचा. माणसं मरायची. त्यावर उपाय म्हणजे ट्रॅक्टर जड करा, असं बाकीच्यांचं म्हणणं. याचं म्हणणं नांगर आणि ट्रॅक्टर एकच यंत्र करा. खाली दोन लिंक, वर एक, तीन बिंदू. आज जगात जवळपास कुठलाही ट्रॅक्टर बघा, हीच जोडणी.

पण त्याचं खरं डोकं १९२६ च्या पेटंटमध्ये आहे, ज्याला आपण ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा तो वरची लिंक पुढं, ट्रॅक्टरच्या अंगात दाबतो. जमीन कडक लागली की जास्त दाबतो. त्या लिंकच्या मुळाशी एक जाड स्प्रिंग बसवली आणि स्प्रिंगची हालचाल कंट्रोल व्हॉल्व्हला जोडली. कडक जागा आली, स्प्रिंग दबली, व्हॉल्व्ह उघडला, लिफ्टने नांगर बोटभर वर घेतला, ओढ कमी झाली. आणि तो बोटभर उचलताना नांगराचं आणि त्याच्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच चाक जमीन धरतं. हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचं काम करतो ते यामुळं. लिफ्ट ही नांगर उचलून बांधावरून वळवायची सोय म्हणून नव्हतीच मुळात. ती नांगराचं सांगणं ऐकायला होती.

१९३८ ला त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हात मिळवण्यावर करार केला, कागद नाही, पुढच्या वर्षी फोर्ड ९एन आला, आणि म्हाताऱ्या फोर्डनंतर नातवाने तो करार मोडला तेव्हा फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ ला तडजोडीत ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. त्या भांडणात पंपाच्या तोंडाशी असलेला तो व्हॉल्व्ह पण एक मुद्दा होता. दरम्यान कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ त्याचा राखाडी टीई २० निघत होता, पाच लाखांवर बनले. एव्हरेस्टवाला हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो असल्याच राखाडी फर्ग्युसनला पट्टे लावून. त्याच घराण्यातला पुढचा ३५, आणि त्याचा आमचा १०३५, ज्याच्यावर बसून मी आलं भरायला लावलेल्या सऱ्या मोजत असतो.

परत कामावर. पुढच्या शनिवारी गावातला जुना मिस्त्री आला. लेथवाल्याकडून चेनपुली आणली, चिंचेच्या फांदीला टांगली. सीट काढली, दोन्ही बाजूचे लिफ्टचे दांडे सोडले, कव्हरच्या वर एक छोटी टोपी असते ती काढून उभी नळी वरूनच ओढून घेतली, मग कडेचे सगळे बोल्ट. कव्हर सिलिंडरसकट उचललं जातं आणि ते दोघांच्या हातचं नाही. उचलताना मिस्त्रीने एकच गोष्ट तीनदा सांगितली, की आत लिव्हरच्या दोन पट्ट्या पंपाच्या व्हॉल्व्हला कशा टेकल्यात ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, परत बसवताना ती जागा चुकली तर लिफ्ट वर जाऊन तिथंच रडत बसती.

नळीवरची ओ रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबराची गोल रिंग, चपटी झालेली, हाताने वाकवली तर तुटली. ते अपेक्षितच होतं. सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला तेव्हा खरी मजा. त्याच्या खाचेत एक ओ रिंग असते आणि तिच्या शेजारी एक चपटी कडक रिंग, बॅकअप रिंग म्हणतात तिला. ओ रिंग मऊ, दाबाखाली ती पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीत घुसायला बघते, तिला पाठीमागून अडवायचं काम या कडक रिंगचं. म्हणून कडक रिंग नेहमी दाबाच्या उलट्या बाजूला पाहिजे. आमच्यात ती दाबाच्या बाजूला होती. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत कुणीतरी उलट बसवलेली, कधी आणि कुणी ते आता देवाला माहीत, आप्पांच्याही आधीच्या मालकाकडचं असेल. ओ रिंगची मागची कड उंदराने कुरतडल्यासारखी झालेली, रबराचे बारीक तुकडे गायब, ते त्या रबडीतून गटारात गेले असणार.

मिस्त्री ती रिंग बोटावर फिरवत बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "तरी इतकी वर्षं चालली की ओ."

सिलिंडरच्या आत पण एक गंजाचा पट्टा होता, पिस्टन खाली असताना जिथं थांबतो तिथं, नखाला लागेल एवढा. ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहतो, पिस्टन एकाच जागी, पाणी त्याच्या कडेला. खड्डे खोल असते तर सिलिंडरच बदलावा लागला असता. हा लेथवर होन मारून, म्हणजे आतून घासून, निघाला, थोडी सावली राहिली, मिस्त्री म्हणाला चालतंय, आणि तो चालतंय म्हणतो तेव्हा चालतं.

ओ रिंगचं एक सांगतो. बाजारात पाकिटात किट मिळतं, स्वस्तातलं पण मिळतं, आणि दिसायला दोन्ही सारखी काळी. स्वस्तातली ऑइलमध्ये फुगते नाहीतर उन्हाळाभरात दगड होते. कव्हर खोलायची मजुरी, नवीन ऑइल, दोन दिवस, हे सगळं त्या एवढ्याशा रिंगवर उभं असताना तिथं पैसे वाचवणारा माणूस मला कळत नाही. मापाची, ऑइलला टिकणाऱ्या रबराची, दुकानदाराला दोन वेळा विचारून घ्यायची. बसवताना खाच पुसून, रिंग ऑइलमध्ये भिजवून, बोटांनी, स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडून नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये सारताना मिस्त्रीने श्वास रोखला होता, मी पण.

कव्हर बसलं, आतल्या पट्ट्या फोटोशी ताडून बघितल्या. आधी थोडं स्वस्त ऑइल घालून, चालवून, तापवून काढून टाकलं म्हणजे उरलेलं पाणी आणि वाळू त्याच्याबरोबर जाईल, जाळी परत धुतली, मग चांगलं ऑइल. पलटी उचलला. इंजिन बंद. मिस्त्री जेवून आला. नांगर जिथं होता तिथंच. थोडा खाली आला असेल, जुन्या ट्रॅक्टरला रात्रभर टांगून ठेवायची अपेक्षा कुणी करू नये, आणि तसंही अवजार वर टांगून ठेवून घरी जाणं ही वाईट सवय आहे, खाली पोरं खेळतात.

खरंतर इथं काम संपलं होतं. पण मिस्त्रीने जाता जाता वरच्या लिंकच्या मुळाशी हात घातला, ती जाड स्प्रिंग पुढं मागं हलवली आणि ती खटखट वाजली. "ही ढिलीय. ड्राफ्ट वापरता का तुम्ही?"

आप्पा म्हणाले, "ती दुसरी लिव्हर? ती कधीच नाय."

आमच्या भागात कुणीच वापरत नाही. क्वाड्रंटवर, म्हणजे लिव्हर सरकतात त्या कमानीवर, दोन लिव्हर असतात, एक पोझिशनची, जी अवजार ठरलेल्या उंचीला धरते, एक ड्राफ्टची, आणि सगळी दुनिया एकाच लिव्हरवर उचल-टाक करते. फणी, रोटर, फवारणीचं अवजार यांना पोझिशनच बरोबर, त्यात काही चूक नाही. तीच लिव्हर ट्रान्सपोर्टच्या खुणेपलीकडं सरकवली की पंप सतत दाब देत राहतो, ते ट्रॉलीसाठी. नांगर जोडून तिथं ठेवली की रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळायला लागतो, मग परत तेच, पंप गेला. पण नांगरटीला ड्राफ्टच पाहिजे, आणि स्प्रिंगमध्ये खेळ असला की ड्राफ्टला नांगराचं म्हणणं कळतच नाही, मधली ढील संपेपर्यंत तो बहिरा असतो. मिस्त्रीने मागची खिट्टी ढिली केली, जोडणी फिरवत फिरवत आणली, खेळ संपला पण स्प्रिंग दबली नाही अशा जागी, आणि खिट्टी आवळली. पाच मिनिटांचं काम, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

माळाचं रान नांगरायला घेतलं तेव्हा मी पोझिशनची लिव्हर बाजूला ठेवली आणि ड्राफ्टवर खोली धरली. वरच्या अंगाला जिथं मुरूम वर आलाय तिथं दर वर्षी इंजिन दबतं, धूर काळा होतो, मागचं चाक घसरून खड्डा पाडतं आणि आप्पा बांधावरून हात वर करून ओरडतात, "घे, घे, उचल थोडा." या वेळी मुरमात शिरताना सीटखाली एक हलका धक्का जाणवला, हात माझे स्टिअरिंगवरच, आणि मागं बघितलं तर लिफ्टचे हात बोटभर वर सरकलेले, चाक घसरत नव्हतं. मुरूम संपला तसे ते परत खाली. इंजिनच्या आवाजात फरक इतका थोडा की बांधावर आप्पांना कळला नसेल असं मला वाटलं. पण त्यांनी हात वर केला होता, ओरडायला, आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला होता.

एक तोटा सांगतो, ड्राफ्टवर नांगरट एकसारख्या खोलीची होत नाही. कडक जागी उथळ, भुसभुशीत जागी खोल. आमच्या काळ्या पट्ट्यात, ओढ्याकडं, फाळ नको तेवढा खाली जायला लागला आणि तिथं मला लिव्हर हाताने सावरावी लागली. पुस्तकात लिहिल्यासारखी एकसारखी जमीन ज्यांची आहे त्यांनी खुशाल लावून झोपावं. आम्हाला एका तासात दोनदा लिव्हरला हात लावावा लागतो, पण चाकाचे खड्डे नाहीत आणि डिझेल कमी लागलं असं आप्पांचं म्हणणं, मी मोजलेलं नाही.

राहिलंय ते गिअरच्या दांडीचं रबर. जिथून हे सगळं पाणी आत आलं ती वाट अजून उघडीच आहे. साताऱ्यात दोन दुकानांत विचारलं, मिळालं ते मापाला मोठं, बुडाशी फट राहते. सध्या ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वरखाली तारेने आवळलाय, शेडचा पत्रा पण एका बाजूने उडालेला आहे म्हणून वर ताडपत्री. मृग लागायच्या आत कुणाला मूळ मापाचं रबर कुठं मिळतं माहीत असेल तर सांगा, कुरियरचे पैसे मी देईन.